उजेडात न नेलेलं घोंगडं

वहिनी शेवटची शुद्धीवर होती तेव्हा माझ्यावर खेकसली. मागाच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ती पडून होती. पाण्याखेरीज पोटात काही जात नव्हतं. तिला जरा बरं वाटावं म्हणून नव्या धनगराकडून घेतलेल्या लोकरीच्या सुताची एक लड मी तिच्या हातात दिली. डोळे न उघडता तिनं ती बोटांत चोळली, नाकाशी नेली आणि म्हणाली, "भावजी, ही कुणी घेतली? पावसात कुजलेली लोकर आहे. देवानं नाक दिलंय ते काय नुसतं मुरडायला?" मी म्हटलं, "मीच घेतली." ती म्हणाली, "मग तुम्हीच पांघरा." त्यानंतर ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी बायको गोदा तिच्यासाठी पेज घेऊन आत गेली, आणि वाडगा तसाच हातात धरून परत आली. 

त्याला आता वर्ष होऊन गेलं. आषाढात वर्षश्राद्ध झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले. आता पितरांचा पंधरवडा तोंडावर आला आहे, आणि त्यापायी माझ्यापुढे एक पेच उभा राहिला आहे. तो कुणापाशी बोलता येत नाही, म्हणून कागद घेऊन बसलो. घोंगड्यांच्या देण्याघेण्यापुरती मोडी मी शिकलो. घरात दुसऱ्या कुणाला ती वाचता येत नाही, ही त्यातली सोय.

आम्ही सनगर, कसब्यात घोंगडी विणणारे. धनगर मेंढरं कातरतात, त्यांच्या बायका लोकर पिंजून सूत काढतात, आणि ते सूत घेऊन आम्ही मागावर चढवतो. विणणारा हात कितीही चांगला असो, सूत चुकलं की घोंगडं चुकलं. पाऊस झेलायचं घोंगडं वेगळ्या सुताचं, बाळंतिणीचं वेगळं, सोवळ्यात नेसायची पांढरी धाबळी आणखी वेगळी. म्हणून आमच्या घरात सूत निवडायचा मान एकाच माणसाचा. ते माणूस लड हातात घेतं, ओट्यावर उन्हात नेतं, पिळतं, हुंगतं आणि मोठ्यानं सांगतं, 'हे आपलं' किंवा 'हे आपलं नव्हे'. एकदा सांगितलं की संपलं. 'नव्हे' म्हटलेलं सूत मागावर चढत नाही आणि त्यावर कुणी वाद घालत नाही. हा मान आधी आजाचा होता, मग आईचा, आणि सगुणावहिनी घरात येऊन थोडी रुळली तसा आईनं तो आपणहून तिला देऊन टाकला. मेलेल्या मेंढीच्या कातड्यावरून उपटलेली लोकर कुणी चांगल्या लोकरीत मिसळली, तर आईला ती पिळून पाहावी लागे. वहिनी नुसता हात लावून बाजूला टाकी. एकदा तिनं अख्खा भारा परत केला तेव्हा धनगरीण फणकारली, "तुझ्या हाताला काय डोळं हायत व्हय गं बाई?" वहिनी म्हणाली, "नाहीत. म्हणून तर फसत नाहीत." पण रंगाचं मात्र ती हातावर सोडत नसे. रंग उन्हातच बघायचा, हा तिचा हट्ट. भर जेवणाच्या वेळी धनगर आला तरी हात धुऊन, लड घेऊन ती ओट्यावर जाई, आणि सूर्य ढगाआड असला तर त्याला बसवून ठेवी.

ती लग्न होऊन आली तेव्हा मी फार लहान होतो. आई सदा आजारी, त्यामुळे मला न्हाऊ घालण्यापासून भरवण्यापर्यंत सगळं वहिनीकडे आलं. मी खात नसे. ती भाकरीचा काला घेऊन गल्लीभर माझ्यामागे फिरे आणि सापडलो की कान धरून घास कोंबी. दादा, माझा थोरला भाऊ, मागावर बसल्या बसल्या हे बघून हसत असे. त्याला हसायला निमित्त लागत नसे. वहिनीच्या फटकळ बोलण्याला तर तो इतका हसे की शेवटी तीच रागावून पदर तोंडाला लावी, आणि मग कळे की तीही हसते आहे. त्यांना मूल झालं नाही. त्यावरून गल्लीत कुजबुज होई, पण त्या दोघांना कधी कुणी उदास पाहिलं नाही.

माझं लग्न होऊन थोडे दिवस झाले होते तेव्हा कर्नाटकच्या स्वारीबरोबर लष्कराचा बाजार निघाला. लष्करात घोंगड्यांना उठाव असतो, म्हणून दादानं माल घेऊन जायचं ठरवलं. वहिनी नको म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "विकायची घोंगडी कसलीही न्या. अंगावरचं सूत मी निवडणार." त्या दिवसांत बिरूमामा धनगराची मेंढरं खतासाठी कोथरूडच्या शेतांत बसलेली होती. आम्ही दोघं पायी गेलो. तिनं त्याचं सगळं सूत उलथंपालथं केलं आणि तळातून एक काळं सूत काढलं. सावलीत ते काळंभोर दिसे, उन्हात धरलं की आतून तांबूस चमके. बिरूमामा म्हणाला, "त्ये न्हाई द्यायचं. लेकीच्या लग्नाला ठेवलंय." वहिनी तिथंच बांधावर बसली. "बरं. लग्न कधी आहे? तोवर बसते." म्हाताऱ्यानं इकडचं तिकडचं बोलून पाहिलं, मग कपाळाला हात लावून सगळ्या लडी तिच्या पदरात टाकल्या. दादानं स्वतःचं घोंगडं स्वतःच विणलं. थोडं सूत उरलं, ते वहिनीनं उचलून कुठंतरी ठेवलं. दादा निघाला तेव्हा घोंगडं खांद्यावर टाकून तो नेहमीसारखा हसत होता, आणि वहिनी त्याला म्हणाली, "हसत काय सुटलाय, वाटेत कुणाला वेडे वाटाल." आमच्या कानांवर पडलेलं त्यांचं शेवटचं बोलणं ते.

पावसाळा सरता सरता बातम्या येऊ लागल्या. लष्करात पटकीची साथ शिरली होती, बाजारातली माणसं पटापट मेली होती. जी वाचली ती एकेक करून परतली. दादा परतला नाही. मेलेला पाहिला असंही कुणी सांगेना. एका सकाळी माझा चुलता आप्पा ओट्यावर येऊन बसला. तो आमच्या पंचांतला कर्ता माणूस. "थोरला गेला असं ठरलं तर थोरलीचं काय करायचं ते बोलून ठेवू," तो म्हणाला. "तरणी आहे, पोरबाळ नाही. माहेरी धाडली तर तिच्या हाताचा गुण घरातून जाईल. तू पाट लाव. घरचं घरात राहील." आमच्यात विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागतो, आणि तो धाकट्या दिराशी लागला तर कुणी नावं ठेवत नाही. घरात दोन बायका असणं हेही काही नवल नव्हतं. मी म्हटलं, "आप्पा, तिनं मला हातानं भरवलंय." आप्पा उठता उठता म्हणाला, "मग आता तू तिला भरव."

पंचांनी एकदा ठरवलं असतं तर माझं काही चाललं नसतं आणि वहिनीचं तर नाहीच नाही. फक्त दादा मेल्याची खूण पटायची बाकी होती. मी आत गेलो तर गोदा भाकरी थापत होती. ती अजून घरात धड रुळलीही नव्हती. मान वर न करता तिनं विचारलं, "मी माहेरी जाऊ का?"  चुलीच्या पलीकडे वहिनी बसली होती. आप्पाचं सगळं बोलणं तिनंही ऐकलं होतं. ती गोदाला म्हणाली, "भाकरी करपतेय, तिकडं बघ."

आणि मग खडकीचा सखाराम आला. बैलांवरून बाजाराचा माल वाहणारा हा माणूस दादाबरोबरच गेला होता. त्याच्या काखेत एक घोंगडं होतं. आप्पाला कळलं तसे त्यानं तिथल्या तिथं पंच बोलावले, आणि मागाच्या खोलीत सगळे दाटीवाटीनं बसले. सखाराम सांगत होता ते ऐकवत नव्हतं. आजारी माणसांना ओळीनं निजवून वर त्यांचीच घोंगडी टाकली होती. माणसं गेली तशी सगळ्यांना एका खड्ड्यात लोटलं. तो पोचला तेव्हा घोंगड्यांचा ढीग तेवढा बाजूला पडला होता. "मानसं वळखायसारखी ऱ्हायली नव्हती," तो म्हणाला. "ढिगात ह्ये घोंगडं दिसलं. दादाचं वाटलं म्हून घेऊन आलो. चुकलं आसंल तर लई बरं हाय." त्यानं ते वहिनीपुढे ठेवलं.

मळानं आणि चिखलानं ते इतकं घट्ट झालेलं होतं की मला काही कळेना. पंचांत सगळे सनगरच, पण दादाचं सूत त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. सगळ्यांचे डोळे वहिनीच्या हातांकडे. तिनं घोंगडं मांडीवर घेतलं आणि एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत बोटं फिरवत नेली, फार सावकाश. उंबऱ्यापलीकडे ओट्यावर लख्ख ऊन पडलं होतं. ती उठली नाही. तिथंच, त्या अंधाऱ्या खोलीत बसून तिनं सांगितलं, "हे आपलं नव्हे."

आप्पा म्हणाला, "नीट बघ." "बघितलं." "एकदा उन्हात ने." तेव्हा तिनं मान वर केली आणि थंडपणानं विचारलं, "आप्पा, आता सूत बघायला तुम्ही मला शिकवणार?"  घरच्या निवडणाऱ्यानं 'नव्हे' म्हटलेलं आजवर कुणी मोडलं नव्हतं, आणि वहिनीचं तर कधी चुकलंही नव्हतं. पंच उठले. आईनं धावत जाऊन देवापुढे साखर ठेवली. गोदा तुळशीपाशी बसून रडत होती. मला तर कुणाला तरी मिठी मारावीशी वाटत होती. दादा जिवंत होता, कुठंतरी अडकला होता, येणार होता. सखाराम घोटाळत म्हणाला, "मग ह्ये कुनाचं आसंल?" वहिनी म्हणाली, "ज्याचं असेल त्याचं. तोवर तुम्ही पांघरा, थंडी येतेय." तिनं घोंगड्याची घडी घातली, काठाला काठ लावून, आणि त्याच्या हातात दिली. ती उन्हात का गेली नाही, एवढं मात्र मला टोचत राहिलं.

दादा आला नाही. आई रोज संध्याकाळी त्याच्या वाटची भाकरी टोपलीत वेगळी ठेवी आणि दिवेलागणीला ओट्यावर जाऊन बसे. सकाळी ती शिळी भाकरी वहिनी खाई. दुसऱ्या कुणाला खाऊ देत नसे. वर्षं गेली. आप्पानं पाटाचा विषय पुन्हा काढला नाही, कारण आता काढायला त्याच्या हातात काही नव्हतं. सखाराम बाजाराला आला की आमच्याकडे टेके, आणि त्याच्या खांद्यावर ते घोंगडं असे. वहिनी त्याला पाणी देई, बैलांची चौकशी करी. बैलांची तिला कधीपासून एवढी काळजी, म्हणून मी एकदा तिला चिडवलंही होतं. मरताना आईनं तिचा हात धरून विचारलं, "सगुणे, तू नीट बघितलं होतंस ना गं?" वहिनी म्हणाली, "बघितलं होतं, आत्याबाई." त्या उत्तरावर आई गेली.

आईच्या मागं काही वर्षांनी बैलाचं शिंग लागून सखारामचं घोंगडं फाटलं आणि तो ते दुरुस्तीला घेऊन आला. मी मागावर होतो. वहिनीनं घोंगडं घेतलं आणि ती उठून ओट्यावर गेली. उन्हात. इतक्या वर्षांच्या पावसानं त्यातला मळ धुऊन निघाला होता. तिनं फाटका भाग उन्हात ताणून धरला, आणि मला माझ्या जागेवरून दिसलं, काळ्याच्या आतून तांबूस चमकत होतं. मग ती आत आली, स्वतःच्या लुगड्यांच्या बोचक्यात तळाशी हात घातला आणि एक लड बाहेर काढली. आमची नजरानजर झाली. मी खाली बघून धोटा फेकत राहिलो.

दादा मेला हे मला त्या दुपारी कळलं. सगळ्या गल्लीनं त्याला केव्हाच मनातून पुसून टाकलं होतं, आणि मी मागावर बसून आज गेल्यासारखा रडत होतो, आवाज न करता. मला वहिनीचा भयंकर राग आला. आई त्या ओट्यावर बसून बसून मेली. पोटच्या पोराच्या नावानं तिला एकदा मोकळं रडता आलं नाही. दादाच्या नावानं आम्ही पाणी सोडलं नाही, त्याचं पान वाढलं नाही. आणि मग आतून गोदा पोराला दटावत होती तो आवाज आला, आणि हा राग कुठं ठेवावा ते मला कळेना. त्या दिवशी वहिनीनं 'हे आपलं' म्हटलं असतं, तर गोदा माहेरी तरी गेली असती, नाहीतर या घरात सवत होऊन कुढत बसली असती, आणि जिनं मला भरवलं तिच्याशी माझा पाट लागला असता. वहिनीनं नेमकं कशासाठी केलं, दादासाठी, गोदासाठी, माझ्यासाठी की स्वतःसाठी, हे मला आजही ठाऊक नाही. नवऱ्याची शेवटची वस्तू तिनं स्वतःच्या हातानं परक्याच्या अंगावर घातली, एवढं ठाऊक आहे.

दुरुस्ती कुठं केली ते शोधून सापडत नव्हतं. सखाराम म्हणाला, "वैनी, सूत तर आगदी त्येच गावलं की." वहिनी म्हणाली, "काळं ते काळं. देवानं काय एकच काळी मेंढी केलीय?" संध्याकाळी माझ्या मागाशी येऊन तिनं वीण बघितली. "भावजी, आज वीण सैल पडलीय." मी विचारलं, "उसवू?" तिनं त्या सैल विणीवरून बोट फिरवलं. "नको," म्हणाली, "राहू द्या तशीच." यापलीकडे त्या गोष्टीवर आम्ही उभ्या जन्मात बोललो नाही.

तिचं कुंकू राहिलं, बांगड्या राहिल्या. सवाष्ण म्हणून लोक बोलावत, ओटी भरत, आणि ती जाई. फक्त वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळायला ती कधी गेली नाही. दर वर्षी त्याच दिवशी तिचा पाय दुखे. गोदा एकटीच जाई आणि कुणी विचारलं तर सांगे, "आक्कांना चालवत नाही." त्याच दिवशी वहिनी कोथरूडपर्यंत सुतासाठी चालत गेलेली मी पाहिली आहे. माणसांशी ती खोटं बोलली, झाडाशी बोलायला तिला जमलं नसावं. म्हातारपणी ती आणखी तिखट झाली. धनगर तिला घाबरून चांगलंच सूत आणू लागले. हसणं मात्र दादा गेल्यापासून मी तिचं पाहिलं नाही. पदर तोंडाला लावलेला दिसे तो खोकल्यासाठी.

ती गेली तेव्हा गोदानं तिला हिरवं लुगडं नेसवलं, कपाळभर मळवट भरला, ओटी भरली. शेजारची एक बाई दबक्या आवाजात म्हणाली, "एवढ्या वर्षांनी... हे चालतं का?" गोदानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आमचे थोरले भावोजी गेल्याचं तुम्हांला कुणी सांगितलं?" असं म्हणून तिनं उरलेलं कुंकू वहिनीच्या पायांना लावलं. त्या वेळी मला कळलं की हिला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत आहे.

आता पंधरवडा आला आहे. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांचं पान अविधवा नवमीला वाढतात. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचं सर्वपित्री अमावास्येला. गोदानं सांगून टाकलं आहे, आक्कांचं पान नवमीला. माझा मुलगा आता कर्ता झाला आहे, त्याला मागचं काही ठाऊक नाही. तो म्हणाला, "बाबा, काकू गेली, आता काकांची वाट बघणारं कुणी उरलं नाही. यंदा अमावास्येला त्यांचंही पान वाढू. किती दिवस त्यांना असं अधांतरी ठेवायचं?" चांगला मुलगा आहे. जे माझ्या मनात इतकी वर्षं होतं तेच बोलला. पण नवमीचं पान वाढायचं म्हणजे दादा आहे असं म्हणायचं, आणि अमावास्येचं वाढायचं म्हणजे दादा नाही असं. एकाच पंधरवड्यात एकाच चुलीवरून ही दोन्ही पानं वाढता येत नाहीत. एक वाढलं की दुसरं खोटं पडतं.

परवा मागाच्या खोलीत एकटाच बसलो. तिची जागा गोदा अजून सारवते. सुताच्या लडी आल्या की आम्ही सवयीनं तिथंच नेऊन ठेवतो आणि कुणीतरी काही बोलेल म्हणून थांबतो. मग मुलाला हाक मारली आणि सांगितलं, नवमीला काकूचं पान वाढायचं, अमावास्येला काकाचं नाही. तो म्हणाला, "ते जिवंत असतील असं तुम्हांला अजून वाटतं?" मी म्हटलं, "हो." तो उठून गेला.

दादा, तू कुठल्या खड्ड्यात आहेस ते मला ठाऊक नाही. पण तू भुकेला आहेस हे ठाऊक आहे. इतकी वर्षं तिनं तुला उपाशी ठेवलं, आता मी ठेवतो.